बुधवारचा जिना

सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी दारातून स्टूल पुढे सरकवलं, "बसा हो जरा," म्हणाल्या, आणि मी बसलो. झालं ते एवढंच. कुणी म्हणेल, दमलेला माणूस बसला, त्यात एवढं काय. पण मी बसणाऱ्यातला नाही. लिफ्ट बंद पडली की ती दुरुस्त करायला जो येतो त्याला लिफ्ट नसते, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही. मोटर गच्चीवरच्या खोलीत, आणि तिथवर जायला आमचे आपले पाय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. या शहरात सगळ्यात जास्त जिने कुणी चढले असतील तर ते आम्ही लिफ्टवाले, आणि त्यातही मी, कारण मिसरूड फुटायच्या आधीपासून मी याच कामात आहे. आणि तोच मी, हातात पाना घेऊन, परक्या घराच्या दारात, स्टुलावर. वरून माझा जोडीदार हाका मारत होता. त्याला आम्ही पक्कड म्हणतो, कारण ऐन कामाच्या वेळी त्याला त्याची पक्कड कधीच सापडत नाही. "उस्ताद, येताय की मुक्काम तिथंच?" उत्तराला छातीत हवा लागते, ती नव्हती. छातीच्या मधोमध कुणीतरी तळहात टेकवून उभं होतं. ढकलत नव्हतं, नुसतं टेकवून. आणि खालच्या जबड्यात, दाढेला काही झालेलं नसताना, दाढदुखी. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या घरातून गरम इस्त्रीचा वास येत होता. कुणाचा तरी शर्ट अर्धवट टाकून त्या बाहेर आल्या असणार. "डॉक्टरला दाखवलंत का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "छे हो, बुटाची लेस बांधायला थांबलो." त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. माझ्या बुटांना लेस नाही. कामावर आम्ही बिनलेसचेच बूट घालतो, चालत्या यंत्रात काही अडकायला नको म्हणून.

ही लेसची थाप बरेच दिवस चालली होती. प्रत्येक इमारतीत, प्रत्येक वळणावर मी खाली वाकायचो आणि नसलेली लेस बांधायचो. पक्कड पुढे असायचा, त्याला माझा वाकलेला आकारच दिसायचा. कधी लेस, कधी जिन्यातला दिव्याचा खटका तपासायचा, कधी भिंतीला कान लावून उगाच "इथून आवाज येतोय का बघतो" म्हणायचं. माणूस स्वतःशी किती खोटं बोलू शकतो हे मला त्या दिवसांत कळलं, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचं कौतुकही वाटायचं, की काय एकेक सुचतं. घरी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? "मला होतंय," हे वाक्य आमच्या घरात पुरुषांना येतच नाही. माझे वडील छापखान्यात होते. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध होतं, गरम पाणी. आणि त्यानं उतार पडला नाही तर आणखी गरम पाणी. डॉक्टरकडे गेलं की रोग सुरू होतो, असा त्यांचा सिद्धांत होता. तोवर ते नुसतं दुखणं असतं, तिथं गेलं की त्याला नाव मिळतं, आणि नाव मिळालेली गोष्ट मग घर सोडत नाही. थोरल्या भावाने तर सुजलेली दाढ दाराला दोरा बांधून स्वतःच उपटली आणि आठवडाभर ती खिशात घेऊन मिरवला. आमच्यात डॉक्टरकडे न जाणं हा गुण होता, जसं दुसऱ्या घरांत गाणं असतं किंवा गणित. वडील गेले ते सकाळी कामावर निघताना, एक बूट पायात आणि एक हातात. आईने हाक मारली तर ते भिंतीला टेकून बसलेले, चेहऱ्यावर किंचित वैतागल्यासारखा भाव, जणू कुणी भलत्या वेळी अडवलं. मी तेव्हा लहान नव्हतो. मी तो हातातला बूट सोडवून घेतला. आणि तरी त्यातून मी काही शिकलो म्हणाल तर एवढंच, की लेस नसलेले बूट बरे.

त्या दिवशी मी स्टुलावरून उठलो, वर गेलो, काम केलं. ब्रेकचे पॅड झिजले होते. पक्कड बडबडत होता आणि मी मोठ्या चाकाच्या खोबणीतून जाणाऱ्या तारा बघत होतो. लोकांना वाटतं, मोटर लिफ्ट उचलते. मोटर बिचारी नुसती हलवते. उचलतं ते लिफ्टच्या मागे, भिंतीलगत, खाली-वर करणारं लोखंडी वजन. तुम्ही वर जाता तेव्हा ते खाली येतं, तुम्ही खाली येता तेव्हा ते वर जातं, आणि आयुष्यभर लिफ्टने ये-जा करणाऱ्या माणसाला ते कधी दिसत नाही. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मला काम शिकवणाऱ्या उस्तादाने माझं मुंडकं लिफ्टच्या शाफ्टमध्ये वाकवून म्हटलं होतं, "बघ, हे आहे म्हणून तू आहेस." इतक्या वर्षांनी, छातीवरचा तो तळहात हळूहळू सैल होत असताना, मला वाटलं की माझ्या आतही अशी काही यंत्रणा चालू आहे, जन्मापासून एकदाही बंद न केलेली, जिची झडप कुणी उघडून पाहिली नाही, तेल घातलं नाही. मी दर महिन्याला अख्ख्या गल्लीच्या लिफ्टा तपासतो. न तपासलेल्या लिफ्टमध्ये मी कुणाला चढू दिलं नसतं. मला एकदम भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही जास्त म्हणजे थक्क व्हायला झालं, की हे इतके दिवस चाललंच कसं. पक्कड म्हणाला, "उस्ताद, तोंड उघडं ठेवून काय बघताय, तार तुटली काय?" मी म्हटलं, नाही, काही नाही.

घरी आलो तेव्हा सासूबाई दाराशीच होत्या. त्या आमच्याकडेच असतात, सासरे गेल्यापासून. सासऱ्यांना मी फार थोडं पाहिलं. शांत माणूस, शिवणयंत्रं दुरुस्त करायचा, जेवून उठला की छाती चोळत "पित्त झालंय" म्हणायचा. तो पित्त पित्त म्हणतच गेला. सासूबाई त्याबद्दल कधी बोलत नाहीत. बारीक, काटक, बोलायला तिखट बाई. मला अजून "जावईबापू" म्हणतात, आणि त्यात मान किती आणि चेष्टा किती हे मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. ही पिशवी त्या हल्ली रोजच घ्यायला लागल्या होत्या. मग माझ्याकडे नीट पाहिलं, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाल्या, "उद्या बुधवार आहे." मला ठाऊक होतं. बुधवारी माझी सुट्टी, आणि बुधवारी मी त्यांना दवाखान्यात नेतो. मी म्हणालो, "आई, उद्या राहू दे का? अंग जड झालंय. पुढच्या बुधवारी जाऊ." एरवी त्या अशा बाबतीत हट्ट करत नाहीत, नको म्हटलं की नको. त्या दिवशी मात्र त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाल्या, "नाही हो, जावईबापू. गुडघे फार बोलायला लागलेत. उद्या जायलाच हवं." बायको आतून म्हणाली, "न्या ना तिला. मला शाळेच्या स्वयंपाकघरातून सुट्टी मिळायची नाही." मग काय, आलिया भोगासी.

या दवाखान्याचं मला पहिल्यापासून नवल होतं. बायको सांगते, तिच्या आईने उभ्या जन्मात डॉक्टरची पायरी चढली नव्हती. बाळंतपणं घरात, ताप अंगावर, आणि एकदा हात मोडला तर शेजारच्या सुताराकडून दोन पट्ट्या बांधून घेतल्या. आणि ही बाई, आता या वयात, एके दिवशी जेवता जेवता म्हणते, "मला डॉक्टरकडे न्या." आणि मग दर बुधवारी. आणि डॉक्टर तरी कुठला, तर भर पेठेतल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा, जिथं लिफ्ट नाही आणि बसवायला जागाही नाही. मी स्वतः माप घेऊन पाहिलंय, सवयच ती. आमच्या घराखाली, रस्त्याला लागून, एक चांगला शिकलेला तरुण डॉक्टर बसतो, एकही पायरी नाही. मी म्हटलं, "आई, गुडघे दुखतात तर खालच्याकडे जाऊ." तर म्हणे, "त्याचा हात मला मानवत नाही." त्याचा हात हिने कधी लावून घेतला, देव जाणे. मी बायकोला म्हणालो, "म्हातारपणी माणसाला बोलायला कुणीतरी लागतं, दुसरं काही नाही. दुखणं हे निमित्त." बायको म्हणाली, "मग आपण बोलू या की तिच्याशी." आम्ही दोनतीन दिवस फार बोललो. सासूबाई कंटाळल्या आणि बुधवार चालूच राहिला.

जिना लाकडी, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. सासूबाई माझा दंड धरतात आणि चढायला लागतात. मी मनात म्हणायचो, झालं, आता ही गोगलगाय. दहाबारा पायऱ्या झाल्या की त्या थांबायच्या. "थांबा हो, जावईबापू. आई गं, गुडघे." मग कठड्याला टेकून त्या काहीतरी काढायच्या. खिडकीतून दिसणाऱ्या पलीकडच्या गच्चीवरच्या वाळत घातलेल्या चादरी, खालच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातला मालक कसा गिऱ्हाईक आलं की चष्मा कपाळावर चढवतो, असलं. मी हूं हूं करायचो. मला बरं वाटायचं थांबल्यावर, हे कबूल करायला हवं. मी मनाशी म्हणायचो, चला, तिच्या निमित्ताने आपलाही दम खाऊन होतो, लेस बांधायला नको. त्या बुधवारी तर पहिल्या वळणाच्याही आधी थांबल्या. मग पुन्हा मध्येच. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे त्या जवळजवळ बसल्याच, मलाही हाताला धरून बसवलं, म्हणाल्या, "आज माझ्याच्याने होत नाही." मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा अगदी निवांत होता. मला त्यांची दया आली, आणि थोडा रागही, की एवढं होत नाही तर यायचं कशाला. छातीवर तळहात आला होता. मी जबडा दाबून धरला आणि दुसरीकडे बघितलं.

वरती, जिना संपतो तिथं, डॉक्टरीणबाई नेहमीप्रमाणे उभ्या होत्या. ही त्यांची पद्धत. एक पेशंट गेला की दुसरा आत घ्यायच्या आधी त्या दारात येऊन उभ्या राहतात आणि येणाऱ्याला जिना चढताना बघतात. माझ्याच वयाच्या, रुंद, केस आखूड, बोलणं कमी. "या आजी," म्हणतात. मला वाटायचं, काय अगत्य आहे, म्हाताऱ्या माणसाला घ्यायला दारापर्यंत येतात. सासूबाई आत गेल्या की पडद्याआडून पहिला प्रश्न ऐकू यायचा, "काय आजी, जिना कसा झाला आज?" आणि सासूबाई सांगायच्या, "मागच्या खेपेपेक्षा जास्त थांबलो," किंवा "आज जरा बरा झाला, एका दमात मजला गाठला." गुडघ्यांची चौकशी करायची ही काय तऱ्हा, असं मला वाटायचं. पण मी बाहेर बसणारा माणूस. घेऊन येणारा आणि घेऊन जाणारा.

बाहेरच्या खोलीत मला जे बसवून ठेवलं जायचं, त्यात माझा वेळ कसा जायचा म्हणाल तर माणसं बघण्यात. तिथं नंबराची चिठ्ठी नसते. आत आलं की विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं, आणि मग तुम्ही शेवटचे. प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्याला लक्षात ठेवायचं, की झालं. सासूबाई मात्र आपला नंबर आला की मागच्याला म्हणायच्या, "तुम्ही जा आधी, मला घाई नाही." मला त्याची चीड यायची. पण त्यामुळे मी तास-तास तिथं बसलो आणि हळूहळू मला एक गोष्ट कळली, की दुखणं आणि डॉक्टरकडे येणं यांचा एकमेकांशी फारसा संबंधच नाही. मला वाटायचं, ज्याला जास्त दुखतं तो जास्त येतो. कसचं काय. पाव भाजणारी एक बाई होती, तिचा हात कोपरापर्यंत पोळलेला, ती आली तेव्हा जखम चिघळून वास येत होता. भट्टी बंद ठेवता येत नाही म्हणून पंधरवडा गेला, म्हणाली, आणि तेही सांगताना अपराध्यासारखं. आणि एक निवृत्त कारकून, टुणटुणीत, गालावर लाली, तो दर आठवड्याला. त्याला काही झालेलं नाही हे त्याला दर आठवड्याला नव्याने ऐकायचं असायचं. जवळ राहणारे जास्त यायचे, आणि एकटे राहणारे. ज्यांच्या घरात कुणी अचानक गेलेलं असे ते एकतर सारखे यायचे नाहीतर मुळीच नाही. पहिलं मूल शिंकलं तरी आई धावत यायची. तिसऱ्याला ताप चढून उतरला तरी तिचा पत्ता नाही. आणि पुरुष? पुरुष आणले जायचे. कधी बायको, कधी बहीण. ती बोलायची, तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा. "यांना रात्रभर झोप नाही." "यांचे पाय सुजतात." तो जणू तिची पिशवी. एक टॅक्सीवाला मी खिडकीतून कित्येकदा पाहिला. खाली गाडी लावायचा, उतरायचा, जिन्याच्या तोंडाशी येऊन वर बघायचा आणि परत जाऊन गाडी चालू करायचा. मी त्याला मनातल्या मनात म्हणायचो, चढ रे बाबा. मला हसू यायचं, आणि मग हसू यायचं बंद झालं.

कारण बघता बघता मला त्या माणसांचं विलक्षण नवल वाटायला लागलं. एक माणूस घरातून निघतो, जिने चढतो, अनोळखी माणसांत बसतो, मग एका पडद्याआड जाऊन शर्टाची बटणं काढतो आणि म्हणतो, मला इथं होतंय. एवढं सगळं करायला काय लागतं! किती गोष्टी जुळून याव्या लागतात. पाय हवेत, वेळ हवा, जवळ दार हवं, कुणीतरी "जा" म्हणणारं हवं, आणि त्या पलीकडे ती एक गोष्ट, की आपलं दुखणं कुणीतरी ऐकून घ्यायच्या लायकीचं आहे, हे स्वतःला पटायला हवं. हे शेवटचं माझ्या वडिलांकडे नव्हतं. ते भित्रे नव्हते, आम्ही समजत होतो तसे शूरही नव्हते. त्यांना फक्त वाटत होतं, आपल्यासाठी कशाला कुणाचा खोळंबा. त्या बुधवारी त्या बाकावर बसून, एका अनोळखी पोराच्या खोकल्याचा आवाज ऐकत, मला माझे वडील पहिल्यांदा कळले, आणि माझे डोळे भरून आले. तेवढ्यात पडदा बाजूला झाला. नंबर सासूबाईंचा होता, आणि त्या वेळी त्यांनी कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. डॉक्टरीणबाई पडद्याशी उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. "तुम्ही पण या आत," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "मी यांच्याबरोबर आलोय." सासूबाई म्हणाल्या, "म्हणूनच म्हणतायत, या." आत कोपऱ्यात बेसिन होतं. डॉक्टरीणबाई गरम पाण्याखाली हात धरून उभ्या राहिल्या, बराच वेळ, धुऊन झाल्यावरही. गार हात लागला की माणूस आक्रसतो, हे मला मागाहून समजलं. मग त्या हात पुसत म्हणाल्या, "आजींना काही झालेलं नाही. पहिल्या दिवशीही काही नव्हतं. मी त्यांना कधीपासून म्हणतेय, जावयांना आत आणा. त्या म्हणत, ओढून आणलं तर परत जिना चढणार नाही तो, हाडच तसलं आहे. मी ऐकलं, चूक केली. आज तुमचा रंग बघितला जिन्यावर. आता मी कुणाचं ऐकणार नाही. झोपा इथं." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, रागवावं. फसवलं की आपल्याला, दोघींनी मिळून. पण राग यायला जी जागा लागते तिथं दुसरंच काही भरत चाललं होतं. मी बूट काढले. टेबलावर आडवा झालो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवली, आणि ती बोटं उबदार होती. माझ्या अंगाला असं, काही काम नसताना, नुसतं ऐकण्यासाठी, कुणी शेवटचा हात कधी लावला होता मला आठवेना. छताला पापुद्रे सुटले होते. त्या म्हणाल्या, "काय होतंय?"

मी "काही नाही" म्हणणार होतो. ते ओठांवर तयारच असतं, खिशातल्या चाव्यांसारखं. पण खोलीत इतकी शांतता होती आणि ती तीन बोटं इतकी बिनघाईची होती, की ते निघालंच नाही. सासूबाई उठल्या. "मी बाहेर बसते," म्हणाल्या. मी म्हणालो, "नाही आई, बसा." आणि मग मी बोलायला लागलो. छातीवर कुणीतरी तळहात ठेवतं. जबडा दुखतो, चढताना, जेवल्यावर, वारा असला की जास्त. काल तर परक्याच्या दारात बसलो. आंघोळीनंतर पाठ पुसतानाही होतं आताशा. मी लेस बांधतो, लेस नसते. हे सांगताना माझा आवाज मलाच ओळखू येईना, कारण तो तक्रारीचा नव्हता. कामाचा होता, एखाद्या यंत्राचं काय बिनसलंय ते मी मालकाला समजावून सांगतो तसा. भीती वाटते का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हो. फार वाटते." एवढं बोलायला मला छप्पन्न वर्षं लागली आणि ते बोलून छत काही पडलं नाही.

मग छातीवर गार चकत्या, तारा, आणि यंत्रातून सरकत बाहेर येणारी कागदाची पट्टी. मी मान वळवून ती पाहिली. त्या रेघा मीच काढत होतो, आत्ता, पडल्या पडल्या, काही न करता. उठे, पडे, उठे, पडे. त्यातलं मला काहीच कळत नव्हतं आणि तरी मला वाटलं की मी याहून थोर काही पाहिलेलं नाही. वडील गेले त्या सकाळी, थोरल्याने दाढ उपटली तेव्हा, लग्नात, पहिल्या पगाराला, झोपेत, हे चालूच होतं, माझ्यासाठी, मला न विचारता. डॉक्टरीणबाईंनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. चेहरा बदलला नाही, फक्त हालचाली भराभर व्हायला लागल्या. एक गोळी चावायला, एक जिभेखाली. "आत्ताच मोठ्या इस्पितळात जायचंय," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात. पण जिना तुम्ही उतरायचा नाही. एक पायरीसुद्धा नाही. माणसं येतील, खुर्चीत बसवून नेतील." मी म्हणालो, "मला? खुर्चीत?" त्या म्हणाल्या, "इथं लिफ्ट असती तर बोलावली असती तुम्हालाच." आणि फोन केला, आधी गाडीला, मग माझ्या बायकोला.

मला दारातच, जिन्याच्या कठड्याशी, खुर्चीवर बसवलं. तो टुणटुणीत कारकून माझ्यासाठी पाणी घेऊन उभा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या इमारतीला दोन सारखीच दारं आहेत, गाडीवाले नेहमी मागच्या दाराशी जाऊन थांबतात, कुणीतरी खाली उभं राहायला हवं. "मी जाते," सासूबाई म्हणाल्या. मी म्हणालो, "आई, नको, तुमचे गुडघे..." "हलू नकोस," त्या म्हणाल्या. "गप बसून राहा." माझ्याशी त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. पिशवी त्यांनी काखेत मारली आणि निघाल्या. मी कठड्यावरून खाली बघत होतो. त्या धावत होत्या. कठड्याला हात न लावता, खोलगट पायऱ्यांवरून तिरकं पाऊल टाकत, वळणावर खांबाला धरून गर्रकन वळत, तरुण मुलगी उतरेल तशा त्या मजल्यामागून मजला उतरत गेल्या. जिथं जिथं त्या माझ्याबरोबर थांबल्या होत्या, चादरी दाखवल्या होत्या, आई गं म्हटलं होतं, तिथं तिथं त्या क्षणभरही रेंगाळल्या नाहीत. तळाशी त्यांचं डोकं दिसलं आणि दिसेनासं झालं.

माझा दंड अजून जिथं दुखत होता तिथं त्यांनी मघाशी धरलं होतं. त्यांनी मला धरलं होतं. किती बुधवार. मला दम लागायच्या एक पायरी आधी थांबायचं, हे त्यांना कसं साधत होतं? मला कळायच्या आधी त्यांना कसं कळत होतं? एका माणसाला पित्त पित्त म्हणत जाताना त्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्याच्या वेळेला त्यांनी नुसता श्वास ऐकला, माझ्या दंडाला धरून, शेजारून, आणि एवढा जिना एवढ्या वेळा चढल्या, न दुखणाऱ्या गुडघ्यांनी. मला रडू नाही आलं, त्यापेक्षा मोठं काही आलं, ज्याला मला शब्द ठाऊक नाही. मी लिफ्टवाला माणूस. वर नेणं म्हणजे काय हे आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती.

खालून आवाज आला. त्याच पुढे होत्या, मागे दोन माणसं घडीची खुर्ची घेऊन. "इकडून, इकडून. हे वळण अरुंद आहे, खुर्ची आडवी धरा. या पायरीला जपा, मधोमध पाय नको." न थांबता वर आल्या. त्यांना साधी धाप लागलेली नव्हती. माणसं पट्टे सोडवायला लागली आणि सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, माझ्या शर्टाचं राहिलेलं बटण लावायला वाकल्या. मी हळूच विचारलं, "आई, गुडघे?"

त्यांनी बटण लावलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?" त्या म्हणाल्या, आणि माझे बूट उचलून पिशवीत टाकले.